भिकुअक्काचा डावा पाय

मी बीएस्सी आहे, बीएड आहे, सव्वीस वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवतोय आणि भिकुअक्काच्या लाथा मी आजवर अकरा वेळा खाल्ल्या आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला तोंडघशी पाडायला नको.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. नरडाण्याहून सात-आठ किलोमीटरवर आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर अजूनही चार लोक कंबर धरून येतील, आणि आता तिथे लाथ मिळत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात आणि डोकं मागून, तो पायाळू. अशा माणसाबद्दल आमच्याकडे तीन गोष्टी ठाम मानतात. त्याला जमिनीतलं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं. पाठीत-कमरेत लचक भरली आणि त्याचा पाय लागला, की ती उतरते. आणि आभाळात वीज चमकली की ती त्यालाच शोधत येते. यातली पहिली गोष्ट आमच्या गावात कुणी पडताळून पाहिली नाही, कारण अक्काला चष्म्याशिवाय सुईचं भोक दिसत नाही, तिथे जमिनीतलं धन काय दिसणार. राहिलेल्या दोन गोष्टींवर मात्र तिचं अख्खं आयुष्य गेलं.

अक्का मूळची साक्रीकडची, डोंगराच्या अंगाला वसलेल्या एका लहान गावातली. आधीच्या तीन मुली, ही चौथी. नाव भिकुबाई ठेवलं, यावरून घरात आनंद किती झाला असेल ते समजावं. पण पोर पायाळू निघाली म्हणून तिचे दिवस बरे गेले. चार वर्षांची असल्यापासून तिला उचलून लोकांच्या कमरेवर उभी करायचे आणि खाली उतरली की हातावर गूळ ठेवायचे. पुढे लग्नही त्या पायांनीच जमवलं. सासरे प्रेमराजआबा मुलगी बघायला गेले ते बैलगाडीतून, कंबर आखडलेली. त्यांनी मुलीचं तोंड नीट पाहिलंच नाही. चहा घेतला आणि तिथेच सतरंजीवर पालथे पडले. उठले ते ताठ. उठल्या उठल्या सुपारी फोडली. अक्का हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, नवऱ्यानं मला लग्नात पाहिलं, सासऱ्याच्या कमरेनं आधीच पसंत केलं होतं.

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं, दर रविवारी आणि मंगळवारी सकाळी, त्या घरापुढे रांग. पुढच्या ओट्यावर अक्काचे यजमान भाईदासनाना बसायचे. पांढरी टोपी, हातात अडकित्ता, आणि चेहऱ्यावर असा भाव, की डॉक्टर आत आहेत आणि दवाखाना यांचा आहे. चहासुद्धा न घेता यायचं असा नियम. नाना एकेकाला बोळीतून मागच्या अंगणात सोडायचे. तिथे गोणपाट पसरलेलं. पालथं पडायचं, कपाळ मनगटावर टेकायचं, डोळे मिटायचे, आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. मग चांदीच्या वाळ्यांचा आवाज जवळ यायचा. अक्का भिंतीला हात धरून डावा पाय कमरेवर ठेवायची, टाचेनं दोन-तीनदा दाबायची आणि शेवटी एक लाथ. जोरात नाही, पण लाथ म्हणावी अशी. मग ‘ऊठ’ म्हणायची. उठून सरळ बोळीतून बाहेर पडायचं.

पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो, असं मानत. म्हणून लोक नारळ आणायचे. त्या घरात वरणात खोबरं, वांग्याच्या भाजीत खोबरं, आणि पाहुण्याला निरोप देतानाही हातात नारळ. मला सगळ्यात मौज वाटायची ती गिऱ्हाइकांची. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, एरवी बायकांना सभेत खुर्ची न देणारी ही मंडळी, भल्या सकाळी अक्काच्या पायाशी मुकाट पालथी पडलेली असायची. एका सरपंचानं अक्काच्या गल्लीतली गटार दोन वर्षं रखडवली होती. त्याला तिनं अशी काही लाथ घातली, की गटार त्या महिन्यात झाली.

आता विजेचं सांगतो, कारण सगळंच गुळाचं नव्हतं. आश्विनात कापूस वेचायला बायकांची टोळी निघायची तेव्हा आभाळ भरून आलं, की बायका अक्काला बाजूला काढायच्या. प्रेमानंच, पण काढायच्या. अक्का, तुम्ही तिकडे बांधाला जा. मग सगळ्या जणी एका बाभळीखाली दाटीवाटीनं उभ्या, आणि अक्का एकटी लांब बांधाच्या खोलगट जागेत गोणपाट डोक्यावर घेऊन बसलेली. पाऊस उघडेपर्यंत तिकडच्या गप्पा आणि हसणं तिला नुसतं ऐकू यायचं. एका वर्षी बायका नुकत्या घरी गेल्या होत्या आणि वीज त्याच बाभळीवर पडली. बाभूळ उभी चिरली. अक्का तेव्हा दोन शेतं पलीकडे होती. मी वर्गात पोरांना ते झाड दाखवून सांगितलं, की उंच झाडाखाली उभं राहू नका, अक्का बसायची तसं सखल जागी बसा. गावानं वेगळाच अर्थ काढला. वीज अक्कालाच शोधत आली होती, नेम जरा चुकला.

यावरसुद्धा अक्का हसायची. पण एकदा मला म्हणाली होती, की सर, पावसात चार बायकांच्या घोळक्यात उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तरी पुढच्या महिन्यात कंबर धरली तेव्हा मी नारळ घेऊन गेलोच.

या घरात आणखी एक माणूस होतं, ते आताच सांगायला हवं. नानांच्या दिवंगत धाकट्या भावाची बायको, सुगंधाबाई. नाना तिचे जेठ. आमच्या भागात जेठ आणि धाकट्या भावाची बायको यांच्यात अदब किती पाळतात ते बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. नाना पुढच्या दारानं आले की सुगंधाबाई मागच्या दारानं बाहेर. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला. नानांना काही सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगायची आणि अक्का ते पुढे न्यायची. एका घरात छत्तीस वर्षं काढून नानांनी तिचा आवाज धड ऐकलेला नव्हता, आणि तिची सावलीही त्यांच्यावर पडलेली नव्हती. या गोष्टीचा नानांना अभिमान होता.

तर गेल्या वर्षी या घरात आनंदाची बातमी आली. नानांचा मुलगा योगेंद्र नरडाण्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्याची बायको दिपमाला वरणगावची, वडील तिथल्या फॅक्टरीत नोकरीला. पोरगी शिकलेली, हसतमुख, पण सासऱ्यापुढे मान खाली. तिला दिवस गेले. नानांनी स्वतः हिंडून गाईचं तूप आणलं, तिला विहिरीवर जाऊ देईनात, पिठाची गिरणी चालवणाऱ्या मगनला बजावलं की सुनेचं दळण तू घरी पोहोचवायचं. माणूस वाईट नाहीच. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल.

नववा महिना लागला आणि धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की बाळ उलटं आहे. डोकं वर, पाय खाली. पहिलंच बाळंतपण, बाळ अंगानं मोठं. पाय बाहेर आले आणि डोकं अडकलं तर हातात मिनिटं उरत नाहीत, म्हणून कळांची वाट बघायची नाही, सोमवारी ऑपरेशन करून टाकू. योगेंद्रनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. नानांनी त्यातलं फक्त ‘पाय खाली’ एवढंच ऐकलं. उठले आणि पेढे आणायला गेले. घरात दुसरा पायाळू येणार होता.

पेढे खाता खाता मगननं शंका काढली, आणि तिथे सगळं बिनसलं. ऑपरेशननं काढलेलं बाळ पायाळू धरायचं का?

तीन दिवस ओट्यावर याचीच चर्चा. कुणी म्हणालं, पोटात पाय खाली होते ना, मग झालं. कुणी म्हणालं, तसं नाही, पायानं स्वतः वाट काढली पाहिजे, गुण त्या वाटेत येतो. निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, नोंद कशी होईल त्यावर अवलंबून आहे. नानांनी शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि विचारलं, की बाई, काढताना पाय आधी काढाल ना? बाईंना वाटलं आजोबा चेष्टा करताहेत. त्या म्हणाल्या, जे हाताला लागेल ते आधी. नानांचं समाधान झालं नाही. त्यांनी ठरवलं, ऑपरेशन नको. कळा येऊ द्यायच्या, घरीच. शिरपूरकडून एक म्हातारी सुईण बोलवायची. त्यांच्याजवळ एक बिनतोड पुरावा होता आणि तो ते प्रत्येकाला ऐकवत होते. आमची भिकु अशीच जन्मली, पायाकडून, घरात, बिनडॉक्टरची. काय वाकडं झालं तिचं?

योगेंद्र म्हणाला, नाना म्हणतील तसं. हे वाक्य तो लहानपणापासून म्हणत आलाय. मग मी गेलो. म्हटलं, आज विज्ञान कामाला लावू. मी बाळाच्या डोक्याचा घेर सांगितला, नाळ दबली तर काय होतं ते सांगितलं, काडीनं मातीत आकृती काढून दाखवली. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग अडकित्ता बाजूला ठेवून विचारलं, “सर, तुम्ही अक्काकडे किती डाव उनात?”

“अकरा,” मी म्हणालो.

“मंग?”

मी चपला घालून घरी आलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अकरा नारळ मी माझ्या हातानं त्या ओट्यावर ठेवले होते, आणि आता त्याच नारळांवर पाय देऊन नाना उभे होते.

अक्का या तीन दिवसांत गप्प होती. तिचं गप्प असणं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात बोलायला नाना पुरे होते. शनिवारी संध्याकाळी दिपमालानं मागच्या दारी बसून तिला विचारलं, की आई, तुमच्या जन्माच्या वेळी तुमच्या आईला फार त्रास झाला असेल ना? त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का? विचारताना पोरीचा हात पोटावर होता. अक्का म्हणाली, उद्या सांगते. हे मला अक्कानंच नंतर सांगितलं.

रविवार उजाडला. आणि माझं नशीब बघा, शनिवारी पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं सरकवताना माझी कंबर धरली. जाणार नव्हतो. बायको म्हणाली, वाकून वाकून शाळेत जाणार का? गेलो. बारावा नारळ. नानांनी मला बघितलं, गालात हसले आणि रांग सोडून आत पाठवलं.

मी गोणपाटावर पालथा पडलो. डोळे मिटले. वाळे वाजत आले आणि थांबले. लाथ काही येईना. बराच वेळ झाला. मग अक्काचा आवाज आला, माझ्या डोक्यावरून, बोळीच्या दिशेनं. तिनं नानांना हाक मारली, आणि सगळ्यांना आत घेऊन या म्हणाली. मला ‘ऊठ’ म्हणाली नाही, त्यामुळे पुढचं सगळं मी पालथा पडूनच ऐकलं, आणि मान वळेल तेवढंच पाहिलं.

बोळीतून नाना आले, मागोमाग मगन आणि दहा-बारा माणसं. दिपमाला दारात उभी राहिली. अक्का भिंतीला टेकली होती.

“मी पायाळू नही शे,” ती म्हणाली. “डोकाकडथीन जलमनी मी, बठ्ठा लोकेस्ना मायक.”

म्हणजे सगळ्यांसारखी, डोक्याकडूनच. मग अक्कानं सांगितलं ते असं. तिची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा अक्का महिनाभर माहेरी राहिली होती. आईनं एक दिवस तिला स्वतःचे पाय चेपायला लावले आणि हसायला लागली. म्हणाली, गावाला वाटतं माझ्या भिकूच्या पायात जादू आहे, आणि माझ्या पायाला तर काही फरक पडत नाही. मग खरं सांगितलं. चौथीही मुलगी झाल्याचं कळलं, तेव्हा अक्काचे वडील दारातून आत आले नव्हते. आजीनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, हिला ठेवून करायचं काय, लांबच्या कुणाला तरी देऊन टाका. बाळाला अजून पुसलंही नव्हतं. सुईण म्हातारी आणि बेरकी होती. तिनं बाळ उचललं, दारापाशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, “पोर पायाळू शे. ठेवा घरमा, कामले येई.” खोलीत सुईण आणि बाळंतीण, दोघींशिवाय कुणी नव्हतं. आईनं डोळे मिटून घेतले आणि काहीच बोलली नाही. वडील आत आले.

“इतकंच,” अक्का म्हणाली. हे तिला ठाऊक होऊन एकतीस वर्षं झाली होती. का नाही सांगितलं, तर तिला भीती वाटत होती. पायाळू म्हणून बापानं ठेवलं, पायाळू म्हणून सासऱ्यानं आणलं. पायाळू नाही म्हटल्यावर या घरात आपण कोण, हे तिला समजत नव्हतं.

नाना पांढरे पडले होते, पण हटले नाहीत. त्यांनाही धरायला काहीतरी हवं होतं. ते म्हणाले, आईचं शेवटचं दुखणं होतं, भ्रमात काहीही बोलली असेल. गुण तर आहे ना? दोन वर्षांपूर्वी भादव्यात मी सरकीच्या ढेपेचं पोतं उचललं आणि जागेवर धरलो गेलो. इथेच, याच गोणपाटावर तू लाथ मारलीस आणि तिसऱ्या दिवशी मी ताठ चालत नरडाण्याला गेलो. ही गोष्ट नाना सगळ्या तालुक्याला सांगत असत. मी स्वतः आठेक वेळा ऐकली होती.

अक्कानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दाराआड पदर हलला. अक्का म्हणाली, त्या भादव्यात माझ्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय सुजून टम्म. पायाळूचाच पाय दुखतो म्हटलं तर लोक काय म्हणतील, म्हणून कुणाला सांगितलं नाही. रांग तर चालूच. लोक पालथे पडायचे, डोळे मिटायचे, मागे बघायचं नाही हा तुमचाच नियम. पंधरा दिवस मी नुसती बाजूला उभी राहून ‘ऊठ’ म्हणत होते.

मग ती नानांकडे वळली.

“तुम्हले लाथ मी नही मारी. सुगंधानी मारी.”

मी खांद्यावरून कसंबसं वर पाहिलं. नानांचं तोंड उघडं होतं. छत्तीस वर्षं जिची सावली त्यांनी अंगावर पडू दिली नव्हती, तिची टाच त्यांच्या कमरेवर पडली होती, आणि त्यांनी त्या टाचेची कीर्ती गावोगाव सांगितली होती. दाराआड भांडं पडल्याचा आवाज झाला. मग सुगंधाबाई भिंतीला काहीतरी पुटपुटली. अक्कानं रिवाजाप्रमाणे ते पुढे पोचवलं. ती म्हणतेय, मी डोळे मिटले होते आणि पदर खाली ओढलेला होता.

पहिला हसला तो मगन. मग त्याचं हसू मध्येच थांबलं आणि त्यानं विचारलं, की मी कधी आलो होतो? भादव्यातच ना? एकेक जण बोटांवर महिने मोजायला लागला. पोलीस पाटलांनी हळूच विचारलं आणि अक्कानं मान हलवली, तुम्हीसुद्धा. मी आडवा पडल्या पडल्या मोजलं. माझी नववी लाथ त्या पंधरवड्यातली होती, आणि खरं सांगायचं तर अकरांमध्ये सगळ्यात गुणकारी तीच होती.

आणि या सगळ्या हशात नाना तेवढे हसले नाहीत. ते दिपमालाकडे बघत होते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नानांचा बिनतोड पुरावा आता उरला नव्हता. पायाकडून, घरात, बिनडॉक्टरची सुखरूप जन्मलेली भिकु मुळात जन्मलीच नव्हती. समोर फक्त ही पोरगी होती आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली ती मिनिटं.

नाना आत गेले. बाहेर आले ते टोपी नीट करत, हातात दिपमालाची पिशवी. मला म्हणाले, सर, उठा, गाडी काढा. सोमवार म्हणजे उद्या आहे, आज रात्री कळा आल्या तर?

माझी कंबर तशीच होती. कुणी लाथ मारलीच नव्हती. मी वाकलेल्या स्थितीत उठलो, वाकलेल्या स्थितीत गाडी काढली आणि स्टिअरिंगवर नाक टेकवून धुळ्यापर्यंत चालवली. शेजारी योगेंद्र, मागे दिपमालाला मध्ये घेऊन अक्का आणि नाना. वाटेत एकदा नानांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, की तुला देऊन टाकणार होते? अक्का म्हणाली, हो. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, दिली असती तर मी काय केलं असतं? हे त्यांनी विचारलं की सांगितलं ते मला कळलं नाही, पण आरशात पाहिलं तेव्हा अक्का हसत होती आणि डोळे पुसत होती.

डॉक्टरीणबाईंनी दिपमालाला लगेच दाखल करून घेतलं. सोमवारी सकाळी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बाई जाता जाता माझ्यासमोर थांबल्या, कमरेचं विचारलं, दोन ठिकाणी दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, साधी लचक आहे, शेक द्या, वजन उचलू नका, चार-पाच दिवसांत आपोआप सुटेल. मला एकदम आठवलं. घरी पहिले दोन दिवस बाम चोळून बघायचा, मग रविवार किंवा मंगळवारची वाट बघायची, मग लाथ. चौथा-पाचवा दिवस तसाही उजाडायचाच. सव्वीस वर्षं मी पोरांना प्रयोग लिहायला लावतो, आणि हे एवढं साधं गणित मी अकरा वेळा चुकलो.

तेवढ्यात सुगंधाबाईचा अक्काला फोन आला. ओट्यावर दोन माणसं नारळ घेऊन बसली आहेत. भिकुअक्का नसली तरी चालेल म्हणताहेत, सुगंधाबाईंची लाथ जास्त गुणाची असं कळलंय. अक्का इतकी हसली, की नर्स बाहेर येऊन दटावून गेली. अक्कानं सांगितलं, त्यांना चहा पाज, नारळ परत दे आणि म्हण, कंबर शेका.

साडेदहाला दार उघडलं. नर्सनं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ आणलं. मुलगी. तीन किलोला थोडी वर, आवाज खणखणीत. दिपमालाची तब्येत चांगली होती. नर्स हसत म्हणाली, आजोबा, तुमच्या मनासारखं झालं बरं का, पायाकडूनच बाहेर काढली.

मी नानांकडे पाहिलं. योगेंद्रनंही पाहिलं. नाना बाळाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या खिशात फोन वाजला. मगनचा होता, आणि त्याचा आवाज गिरणीत घडलेला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आला. अख्खा ओटा फोनभोवती गोळा झाला असणार. त्यानं विचारलं, नाना, सांगा, पाय का डोकं?

“पोर उनी, मगन,” नाना म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

अक्कानं बाळ मांडीवर घेतलं. कापडाची एक घडी सोडून तिनं ते दोन्ही पाय ओंजळीत धरले, लाल, सुरकुतलेले, तिच्या अंगठ्याएवढे. बघून झाल्यावर तिनं ते पुन्हा नीट झाकले.

“मना येळले सुईनले खोटं बोलनं पडनं,” ती मला म्हणाली. “इना येळले कोनले काहीच सांगनं नही पडनं.”

मग नानांनी हात पुढे केले, आणि तिनं नात त्यांच्याकडे दिली.